रथाचा आस आणि रथाचा ब्रेक

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे निघाले की वीस-बावीस किलोमीटरवर ओरत्तनाडु लागते. दोन्ही बाजूंना भातखाचरे, कल्लणैच्या धरणातून आलेला कालवा, नारळ, एक बसस्टँड आणि बाजाराची एक लांब गल्ली. दक्षिणेतल्या कुठल्याही तालुक्याच्या गावासारखेच हे गाव आहे. पण मराठी माणसाने इथे गाडीतून उतरावे असे एक ठिकाण आहे, ते म्हणजे मुक्तांबाळ छत्र. या गावाला पूर्वी मुक्तांबाळपुरम म्हणत, ते याच छत्रावरून.

तंजावरचे भोसले घराणे वाचकांना नवे नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी 1676 च्या सुमारास इथे राज्य स्थापले आणि ते 1855 पर्यंत चालले. त्यातले सर्वांत नावाजलेले राजे म्हणजे दुसरे सरफोजी, कारकीर्द 1798 ते 1832. त्यांच्या तरुणपणची सखी मुक्तांबा राज्य मिळण्याआधीच वारली आणि तिच्या नावाने राजांनी हे छत्र बांधले, असे परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची ही वास्तू. रामेश्वरच्या वाटेवरच्या यात्रेकरूंना इथे जेवण आणि मुक्काम मिळे, आजाऱ्यांना औषध मिळे, मुलांना विनामूल्य शिक्षण मिळे. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि राजांकडे तंजावरचा किल्ला व आसपासचा थोडा भाग उरला. तेव्हा 1801 मध्ये सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पत्र लिहून या छत्रांची व्यवस्था सविस्तर सांगितली आणि तिला धक्का लागू नये अशी विनंती केली. राज्य गेले तरी अन्नदान जाऊ नये, एवढीच त्या पत्राची तळमळ आहे.

पण आजचा विषय छत्र नाही. आजचा विषय त्या छत्राच्या एका बाजूला दगडात घडवलेला रथ आहे. इमारतीचा तो भाग असा रचला आहे की हत्ती आणि घोडे एक रथ ओढत आहेत असे दिसावे. ही कल्पना इथली जुनीच. कुंभकोणमजवळच्या दारासुरमला बाराव्या शतकातल्या ऐरावतेश्वराच्या मंदिरात मंडपाला दगडी चाके आणि उसळते घोडे जोडलेले आहेत. कोणार्क आणि हंपी तर सगळ्यांना ठाऊक आहेत.

मी आयुष्यभर फौजी वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या खाली पडून काम केलेला माणूस. रथ पाहिला की माझी नजर आधी चाकाच्या तुंब्याकडे जाते. ओरत्तनाडुचा रथ दोनशे वर्षांत एक इंच हललेला नाही, त्यामुळे त्याच्या आसाची आणि ब्रेकची काळजी कुणाला करावी लागली नाही. या मुलखातले लाकडी रथ मात्र खरोखर हलतात. वर्षातून एकदा, हजारो माणसांच्या गर्दीतून. त्यांचे आस तुटत आले आहेत, ते थांबवताना माणसे चाकाखाली गेली आहेत, आणि गेल्या पन्नासएक वर्षांत त्यांना पोलादी आस आणि हायड्रॉलिक ब्रेक बसले आहेत. हा सगळा इतिहास जुन्या ट्रकचा मागचा ॲक्सल उघडणाऱ्या कुठल्याही मेकॅनिकला ओळखीचा वाटेल.

तीनशे टन आणि चार चाके

रथाला तमिळमध्ये तेर म्हणतात. सर्वांत मोठा तेर तिरुवारूरच्या त्यागराज मंदिराचा. त्याचे नाव आळि तेर. तिरुवारूर आज वेगळा जिल्हा आहे, पण 1991 पर्यंत ते तंजावर जिल्ह्यातच होते. आणि मराठ्यांशी त्याचे नाते जवळचे. व्यंकोजींचे पुत्र शाहजीराजे (1684 ते 1712) या त्यागराजाचे भक्त होते आणि त्यांनी या देवावर तेलुगूत पालखीसेवेचे एक संगीतनाट्यच रचले आहे.

आळि तेर सजवून उभा केला की उंची नव्वद फुटांच्या आसपास जाते आणि वजन तीनशे टनांच्या घरात सांगतात. खालचा भाग कोरीव लाकडाचा, भरीव आणि जड. त्यावर बांबूचे सांगाडे आणि कापडाची सजावट. तमिळ मुलखात रथाला लाकूड वापरतात ते सागाचे, मोहाचे आणि बिबळ्याचे.

आता आपल्या भाषेत हिशेब करू. तीनशे टन चार चाकांवर म्हणजे एका चाकावर पंचाहत्तर टन. टी-72 रणगाडा साडेएकेचाळीस टनांचा. म्हणजे रथाच्या एकेका चाकावर पावणेदोन रणगाडे उभे आहेत. आपली जुनी शक्तिमान पूर्ण भरली तरी तिचे सगळे वजन या एका चाकावरच्या भाराच्या सातव्या हिश्श्याच्या आत-बाहेर येईल.

वेगाचे मात्र उलटे आहे. ताशी दोन किलोमीटरने सरकणाऱ्या तीनशे टनांच्या रथात जेवढी गतीची ऊर्जा असते, त्याच्या दसपटीहून जास्त ऊर्जा ताशी चाळीसने जाणाऱ्या दहा टनांच्या ट्रकमध्ये असते. मग ट्रक एक माणूस पायाने थांबवतो आणि रथ थांबवायला एवढी फौज का लागते?

याचे उत्तर दोरात आहे. रथाचा दोर, तमिळमध्ये वडम, फक्त ओढू शकतो. तो मागे रेटू शकत नाही. ट्रक उतारावर असेल तर ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो आणि इंजिन गाडीला धरून ठेवते. रथाला इंजिन नाही, गिअर नाही. शंभर फुटांना एक फूट इतका, डोळ्याला न दिसणारा उतार असला तरी तीनशे टनांचा रथ तीन टनांच्या जोराने स्वतःहून पुढे जाऊ पाहतो. पुढे दोर धरलेले लोक असतात. ते सैल दोर हातात घेऊन नुसते बघत राहणार, किंवा पळणार. बाजूला माणसे चाकापासून हाताच्या अंतरावर उभी असतात. म्हणून वेग कितीही कमी असला तरी थांबण्याची सोय नसलेला रथ फार धोक्याचा.

मुट्टुकट्टै

ही सोय शेकडो वर्षे एका लाकडी ठोकळ्याने केली. त्याला तमिळमध्ये मुट्टुकट्टै म्हणतात. पाचरीसारखा उतरता घडवलेला जड ठोकळा. काही माणसे हे ठोकळे घेऊन चाकाच्या पुढेच चालतात, डोळे चाकावर, पाय मागे सरकत. इशारा झाला की ठोकळा चाकाखाली सरकवायचा आणि त्याच क्षणी हात आणि पाय बाहेर काढायचे. चाक पाचरीवर चढू पाहते, रथाचा जोर त्यात जिरतो आणि रथ थांबतो. ठोकळा चिरडला जातो, म्हणून एका मिरवणुकीला असे शेकडो ठोकळे तयार ठेवावे लागतात. हे काम रथाची सवय असलेल्यांचे, अनेक ठिकाणी घराण्यात चालत आलेले.

ठोकळ्याचे दुसरे काम अधिक हुशारीचे आहे. रथाला स्टिअरिंग नाही. चारही चाके सरळ रेषेत पक्की. रथ डावीकडे वळवायचा तर डाव्या चाकाखाली पाचर द्यायची, ते चाक अडते, उजवे पुढे जाते आणि रथाचे तोंड फिरते. रणगाडा चालवलेल्या मंडळींना हे समजावून सांगायला नको. एका बाजूचा ट्रॅक ब्रेकने धरायचा आणि दुसरा चालू ठेवायचा, हेच ते. शेतातल्या ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक पेडल असतात, तेही याचसाठी. चौकातल्या काटकोनी वळणावर मात्र एवढ्याने भागत नाही. तिथे चाकांखाली लोखंडी पत्रे अंथरून त्यावर वंगण ओततात आणि रथ अक्षरशः घसरवत वळवतात.

भाषेची एक गंमत इथे सांगतो. तमिळमध्ये कुणाच्या कामात अडथळा आणला की त्याने मुट्टुकट्टै घातली असे म्हणतात. आपणही मराठीत कामाला खीळ बसली म्हणतो. खरे तर चाक आसावरून निसटू नये म्हणून टोकाला खीळ असते, आणि चाकाखालचा ठोकळा रथाला माणसांवर जाऊ देत नाही. दोन्ही भाषांनी वाहन सांभाळणाऱ्या वस्तूंनाच अडथळा ठरवले आहे. ब्रेक धरणाऱ्याच्या नशिबी हे असेच असते. रथ चालला तर जयजयकार ओढणाऱ्यांचा, नाही थांबला तर दोष ठोकळेवाल्याचा.

ओढायला माणसे कुठून येत

सरफोजींच्या आणि त्यांच्या आधीच्या राजांच्या काळात रथोत्सव हा सरकारी बंदोबस्ताचा भाग होता. तंजावरच्या मोडी कागदांत रथ ओढण्यासाठी तालुक्या-तालुक्यांतून माणसे आणवल्याच्या नोंदी आहेत आणि त्यांची संख्या हजारांत आहे. तमिळ विद्यापीठाने यातल्या बऱ्याच कागदांचे तमिळ भाषांतर छापले आहे. मराठी वाचकांसाठी मात्र ते अजून दूरच आहेत, ही खंत वाटते.

कंपनीचे राज्य आल्यावर मंदिरांचा कारभार कलेक्टरांकडे आला आणि त्यासोबत रथ ओढायला माणसे गोळा करण्याचे कामही आले. गावकामगाराने माणसे पाठवायची, माणसांनी दोर धरायचा, मनात असो वा नसो. यावर मद्रास इलाख्यात मोठा वाद उठला. 1836 मध्ये तिथल्या पाद्री मंडळींनी आणि अनेक लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांनी गव्हर्नर सर फ्रेडरिक ॲडम यांना निवेदन दिले. रथ ओढण्याची सक्ती आणि उत्सवांना फौजेची हजेरी, या त्यातल्या मुख्य तक्रारी होत्या. त्यांचा रोख मूर्तिपूजेवर होता, रयतेच्या हालांवर कमी. पण या वादातली एक घटना फौजी माणसाने लक्षात ठेवावी अशी आहे. मद्रास फौजेचे सरसेनापती सर पेरेग्रीन मेटलँड यांनी 1838 मध्ये याच प्रश्नावर राजीनामा दिला. पुढच्या काळात सरकारने या सगळ्यातून हळूहळू अंग काढले आणि 1863 च्या कायद्याने मंदिरांचा कारभार स्थानिक समित्यांकडे गेला.

यांत्रिकदृष्ट्या याचा अर्थ असा. सक्तीची माणसे होती तोवर रथ कितीही जड चालू शकत होता, कारण आसाचे घर्षण किती आहे याची किंमत माणसांच्या खांद्यांनी मोजली जात होती. लाकडी आस लाकडी तुंब्यात फिरताना जे कुरकुरते, त्यावर उपाय म्हणजे आणखी शंभर माणसे. सक्ती गेली की तेच घर्षण कमिटीच्या डोक्याला ताप होते.

आस कुठे तुटतो

रथाचा आस स्वतः फिरत नाही. तो आडवा स्थिर असतो आणि त्याच्या टोकांवर चाके फिरतात. जुन्या जड ट्रकचा मागचा ॲक्सल पाहा. तिथे दोन कामे वेगळी केलेली असतात. बाहेरचे पोलादी घर, म्हणजे हाउसिंग, वजन पेलते आणि आतला हाफशाफ्ट फक्त चाक फिरवतो. म्हणून अशा ॲक्सलचा हाफशाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते आणि शाफ्ट चाक न काढता बाहेर ओढता येतो. रथाला फिरवणारा शाफ्ट नको. त्याच्याकडे फक्त ते हाउसिंग आहे, आणि तेही जुन्या काळी लाकडाचे.

वजन मधे, टेकू टोकांना. असा दांडा वाकतो आणि ताण सर्वांत जास्त येतो तो चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे आस तुंब्यात शिरतो तिथे. दुर्दैव असे की नेमकी तीच जागा झाकलेली असते. चीर पडली तरी चाक उतरवल्याशिवाय दिसत नाही. वरून कोरीव काम झळकत असते, रंग नवा असतो आणि तुंब्याच्या आत लाकडाचे धागे एकेक करून सुटत असतात.

त्यात ठोकळ्याची भर. पाचर चाकाखाली गेली की चाक झटक्याने अडते. तो झटका सगळा आसात जातो. दोन्ही बाजूंचे ठोकळे एकाच क्षणी बसणे अशक्य, एक आधी बसतो, एक नंतर. म्हणजे आसाला वाकवणे आणि पिळणे दोन्ही. प्रत्येक थांबण्याची किंमत आस देत होता.

आणि सर्वांत मोठा रोग म्हणजे उभे राहणे. रथ वर्षातून एक-दोन दिवस चालतो आणि उरलेले दिवस एकाच जागी उभा असतो. सगळे वजन आसाच्या त्याच बाजूवर, चाकाच्या त्याच बिंदूवर. पावसाचे पाणी तुंब्यात मुरते, उन्हाळ्यात लाकूड आकसते, बोल्ट सैल होतात, वंगणाची खपली होते.

आमच्याकडच्या जुन्या गाड्यांचे अगदी हेच. शक्तिमान ही जर्मन मॅन कंपनीच्या परवान्याने 1959 पासून जबलपूरला बनू लागलेली गाडी, 1996 ला तिचे उत्पादन थांबले. दाखवण्यासाठी जपून ठेवलेली अशी जुनी गाडी मी उघडली आहे. अशा गाडीवर काम करणाऱ्याला एक गोष्ट लगेच कळते. रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा उभी गाडी जास्त खराब होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि त्या ओलाव्याने व्हील सिलिंडर आतून गंजतो. रबरी सील सुकतात. मग ॲक्सलचे तेल हबमध्ये उतरून लायनिंगवर येते. ब्रेक शू ड्रमला चिकटून बसतात. बाहेरून गाडी ठणठणीत.

म्हणून काम ठरलेल्या क्रमाने करायचे. पुढच्या चाकांना गुटके, मागचा ॲक्सल जॅकवर उचलून मजबूत स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीही नाही. हाफशाफ्ट बाहेर, हबचे नट, बेअरिंग, मग हब आणि ड्रम. बेअरिंग धुऊन बोटाने फिरवून पाहायची. एकाच जागी उभी राहिलेली असेल तर रेसवर रोलरचे ठसे उमटलेले असतात आणि ते हाताला जाणवतात. सील नवे, सिलिंडरची रबरे नवी, तेल पडलेले लायनिंग धुऊन परत न लावता बदलायचे. क्राउन आणि पिनियनचे अंतर तपासायचे. हबचा नट बेअरिंगला ना ढिला ना जखडलेला. शेवटी ब्रेक लाइनमधली हवा काढायची, मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून. ॲक्सल आणि ब्रेक ही दोन वेगळी कामे आहेत असे रजिस्टरला लिहिले जाते, पण हात घातला की कळते की काम एकच आहे. ॲक्सलचा सील गळला तर ब्रेक गेला, आणि ब्रेक अडकला तर हब तापून बेअरिंग गेली.

तिरुवारूरचा रथ पुन्हा उभा राहिला

तिरुवारूरचा जुना रथ 1920 च्या दशकात आगीत जळाला. नवा बांधला गेला, काही वर्षे चाललाही. 1948 नंतर मात्र तो बंद पडला आणि वीसेक वर्षे जागच्या जागी उभा राहिला. वीस वर्षे उभ्या असलेल्या गाडीचे काय होते ते वर सांगितले आहेच.

1970 मध्ये तो पुन्हा ओढला गेला. तेव्हा मुख्यमंत्री होते एम. करुणानिधी, याच मुलखातले आणि स्वतः निरीश्वरवादी. त्यांच्या सरकारच्या काळात हा रथ हलला ही गोष्ट इकडे आजही कौतुकाने सांगतात. पण भक्ती आणि राजकारण यांच्या जोडीला तिथे तिसरी एक गोष्ट होती, ती म्हणजे तिरुचिरापल्लीचा भेलचा कारखाना. बॉयलर बनवणारा हा सरकारी कारखाना तंजावरपासून जेमतेम तासाभराच्या वाटेवर. जाड पोलाद घडवणे, जोडणे, तपासणे हे त्याचे रोजचे काम. आळि तेराला लोखंडी चाके, पोलादी आस आणि हायड्रॉलिक ब्रेक मिळाले ते या कारखान्याकडून. मागून रेटायला बुलडोझर आले. पुढे तमिळनाडूतल्या कितीतरी मंदिरांच्या रथांना भेलची चाके आणि आस बसले. तंजावरच्या बृहदीश्वराचा नवा रथ एप्रिल 2015 मध्ये शंभरएक वर्षांच्या खंडानंतर रस्त्यावर आला, तोही याच कारखान्याच्या चाकांवर. ज्या मंदिराच्या भिंतीवर सरफोजींनी 1803 मध्ये भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरवले, तेच हे मंदिर.

आस आणि ब्रेक एकत्रच का आले, हे मेकॅनिकच्या नजरेने पाहण्यासारखे आहे. ब्रेक चाकाला धरतो, पण धरायला त्याला स्वतःला कुठेतरी पक्के उभे राहावे लागते. ट्रकमध्ये ब्रेक शू ज्या प्लेटवर बसतात ती ॲक्सल हाउसिंगला बोल्टने घट्ट असते. ब्रेक दाबला की चाक त्या प्लेटला आपल्यासोबत फिरवू पाहते आणि तो सगळा पीळ हाउसिंग सोसते. लाकडी आसाला अशी प्लेट ठोकून पाहा, पहिल्याच ब्रेकला बोल्टची भोके फाटतील. आधी पोलादी आस, मगच ब्रेक.

आणि हायड्रॉलिकच का, तेही सोपे आहे. बंद नळीतल्या तेलावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो. दोन्ही चाकांना एकाच क्षणी, सारख्या जोराने पकड मिळते. दोन माणसांच्या हातांतल्या दोन ठोकळ्यांना जे कधी जमले नाही ते तेलाला जमते. झटका जाऊन त्याच्या जागी घर्षण येते, रथ थोड्या अंतरात हळूहळू थांबतो आणि आसाचे आयुष्य वाढते.

एवढे होऊनही मुट्टुकट्टै गेली नाही. ठोकळेवाले आजही चाकापुढे चालतात. रथ वळवायला तेच लागतात आणि तेल दगा देईल तेव्हाही तेच लागतील. घाटात हँडब्रेक ओढून शिवाय चाकाखाली दगड टाकणारा क्लीनर ज्यांनी पाहिला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

अजूनही माणसे मरतात

पोलादी आस सगळ्यांना मिळालेला नाही. मोठ्या मंदिरांना मिळाला, गावोगावचे लहान रथ अजून जुन्याच हाडांवर चालतात. जून 2022 मध्ये धर्मपुरी जिल्ह्यात एका गावच्या कालीअम्मनच्या रथाचा आस मोडला, रथ कलंडला आणि दोन माणसे दगावली. त्याच वर्षी 27 एप्रिलला तंजावरला लागून असलेल्या कळिमेडू गावात पहाटेच्या मिरवणुकीत रथ वळवताना उच्च दाबाच्या तारेला लागला आणि अकरा जण गेले, त्यांत मुलेही होती. दुसऱ्या घटनेत आसाचा दोष नव्हता, पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. वर्षातून एकदा चालणाऱ्या वाहनाकडे वर्षातून एकदाच पाहिले जाते, आणि तेही वरून.

हे वाचून महाराष्ट्रात बसलेल्यांनी लांबची गोष्ट म्हणून सोडून देऊ नये. तासगावच्या गणपतीचा उंच लाकडी रथ दरवर्षी दोरांनी ओढला जातो. ते देवस्थान उभारणारे परशुरामभाऊ पटवर्धन दक्षिणेच्या मोहिमांवर लढलेले सेनापती, आणि देवळापुढचे गोपूर तिकडच्याच धर्तीचे. फौजेबरोबर वस्तू जशा प्रवास करतात तशा कल्पनाही करतात. जळगावला 1872 पासून कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. तिथे चाकाखाली देण्याच्या लाकडाला मोगरी म्हणतात आणि मोगरी लावणाऱ्यांना मान आहे. मोगरी आणि मुट्टुकट्टै, हजार किलोमीटरवरची दोन नावे, काम तेच आणि जोखीमही तीच. याशिवाय सातारा, सांगली, सोलापूर, नाशिककडच्या कितीतरी गावांत लहानमोठे रथ आहेत, ज्यांची नावे गावाबाहेर कुणाला माहीत नाहीत.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण पेन्शनवर गावी आहेत. कुणी यात्रा कमिटीत आहे, कुणाचा मुलगा दोर धरतो. तुमच्यात ड्रायव्हर आहेत, व्हेइकल मेकॅनिक आहेत, वेल्डर आहेत, आर्मरची मंडळी आहेत. वीस-पंचवीस वर्षे तुम्ही गाडी रस्त्यावर काढण्याआधी खाली वाकून पाहत आलात. गावच्या रथाला तीच नजर लागते आणि ती गावात बहुधा तुमच्याकडेच आहे.

यात्रेच्या महिनाभर आधी चाके उतरवायला सांगा. चारही, एकही न सोडता. तुंब्याच्या आत आस जिथे शिरतो तिथली जागा घासून, उजेड टाकून पाहा. लाकूड असेल तर टोच्याने टोचून पाहा, पोलाद असेल तर वेल्डिंगच्या कडेला केसासारखी चीर शोधा. जुने वंगण खरवडून नवे भरा. ब्रेक असेल तर ऑइल बदला, सिलिंडर उघडा, नसेल तर ठोकळे नवे करा आणि भरपूर करा. रथाच्या वाटेवर एकदा पायी चालून उतार कुठे आहे आणि तारा किती उंचीवर आहेत ते पाहा. मधली वर्षे रथ उभा असताना महिन्यातून एकदा तो हातभर पुढे-मागे सरकवा, म्हणजे भार एकाच जागी बसून राहणार नाही. अधूनमधून इंजिन चालू करून गाडी थोडी हलवण्याचा आपला जुना रिवाज याचसाठी होता.

आणि चाकापाशी ठोकळा घेऊन कोण उभा राहणार हे आधी ठरवा. तो पोरसवदा नसावा, प्यायलेला नसावा आणि एकटा नसावा. त्याचा इशारा देणारा एकच असावा आणि त्या माणसाला ओढणाऱ्यांच्या गलक्यात आवाज पोचेल अशी शिट्टी द्या. यात्रेच्या मानपानात पहिला नारळ कुणाचा यावर गावात तास-तास चर्चा होते. त्या बैठकीतली पाच मिनिटे या माणसासाठी काढा.